शुक्रवारची भट्टी

पुरवठादाराच्या ‘८डी’ अहवालात कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’ आणि उपायाच्या रकान्यात ‘ऑपरेटरला प्रशिक्षण दिले’ असं दिसलं की मी पुढचं वाचत नाही. फोर्डने १९८७ मध्ये ही आठ पायऱ्यांची पद्धत लिहून काढली ती कारण शोधण्यासाठी. आपल्याकडे ती बहुतेक वेळा फाइल बंद करण्यासाठी भरतात. चाकण-भोसरी पट्ट्यातल्या पुरवठादारांची गुणवत्ता बघणं हे माझं काम, त्यामुळे असे अहवाल माझ्याकडे ढिगाने येतात.

एका बोल्टचंच बघा. ग्रेड १२.९, वर झिंक प्लेटिंग. १२ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १२०० न्यूटनपर्यंत ताण सोसणारा, आणि पुढचा ९ म्हणजे त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत कायमचा न लांबणारा. लाइनवर तो नीट आवळला गेला, टॉर्कची नोंद बरोबर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी बोल्टचं डोकं जमिनीवर पडलेलं. रात्रभर त्याला कुणी हात लावला नव्हता.

पुरवठादाराचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं. “मॅडम, तुमच्या गनने जास्त आवळलाय.” पण जास्त आवळून तुटणारा बोल्ट आधी ताणला जातो, तुटतो तिथे बारीक होतो. इथे व्यास जसाच्या तसा, आणि डोक्याखालच्या गोलाईतून थेट तुकडा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तो पृष्ठभाग फोडलेल्या खडीसाखरेसारखा दिसला. भेग पोलादाच्या कणांना चिरत गेली नव्हती, त्यांच्या सीमांवरून गेली होती. ही हायड्रोजनची खूण.

प्लेटिंगआधी गंज आणि स्केल काढायला बोल्ट ॲसिडमध्ये बुडवतात, मग विजेने झिंक चढवतात. दोन्हीकडे हायड्रोजन सुटतो आणि अणूंच्या रूपात पोलादात शिरतो. नरम पोलादाचं त्याने फारसं बिघडत नाही. कडक पोलादात तो ताण जास्त असेल तिथे सावकाश जमत जातो, म्हणून बोल्ट आवळताना तुटत नाही, काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी तुटतो. आवक तपासणीत हा दोष हाती लागत नाही. हार्डनेस बरोबर, गेज बरोबर, टेन्साइल टेस्टही पास. तो पकडायचा तर बोल्ट आवळून किमान ४८ तास तसेच ठेवावे लागतात, आणि लाइन मालाची वाट बघत असताना ४८ तास कुणाकडे असतात?

यावरचा उपाय जुनाच आहे. प्लेटिंग झाल्यावर शक्यतो चार तासांच्या आत, पॅसिव्हेशनच्या आधी, माल २०० अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवायचा, म्हणजे हायड्रोजन निघून जातो. भट्टीचा चार्ट पुरवठादाराने अहवालाला जोडला होता. अगदी नीटनेटका.

तुटलेल्या बोल्टांचे लॉट चालानांशी जुळवले, तर बहुतेक शुक्रवारी भट्टीतून निघालेले. भोसरीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. बुधवारी संध्याकाळी प्लेटिंग झालेला माल शुक्रवार सकाळपर्यंत पडून राहायचा, आणि मग साठलेलं सगळं छोट्या भट्टीत एकदम कोंबलं जायचं. चार्ट काढणारा थर्मोकपल मोजतो भट्टीतल्या हवेचं तापमान. क्रेटच्या पोटातले बोल्ट त्या तापमानाला येईपर्यंत बराच वेळ निघून गेलेला. चार्ट खोटा नव्हता, पण तो बोल्टांचा नव्हताच.

प्लेटिंगच्या मालकांना विचारलं, “काका, दुसरी भट्टी का घेत नाही?”

“किलोमागे जो भाव मिळतो, त्यात हीच चालते हे नशीब समजा.”

तो भाव त्यांना बोल्टवाला देतो, आणि बोल्टवाल्याने दरवर्षी किंमत उतरवावी ही अट आमच्या परचेस विभागाची. टोयोटाच्या पद्धतीने पाच वेळा ‘का’ विचारत गेलं, तर तिसऱ्या ‘का’ला प्लेटिंगवाल्याच्या दारात पोचतो आणि पाचव्याला आपल्याच ऑफिसात. म्हणून बहुतेक अहवाल तिसऱ्याला थांबतात. माझ्या मते अशा अहवालावर परचेसचीही सही हवी.

संशयित लॉट भंगारात गेले. सॉर्टिंग करून काय करणार, हा दोष डोळ्यांना दिसत नाही. गाड्यांना लागलेले बोल्ट बदलले, पैसे कुणी भरायचे यावर रीतसर भांडण झालं. बुधवारी दुपारनंतर १२.९ची प्लेटिंग बंद झाली. माल पातळ थरात पसरून भाजतात, आणि एक थर्मोकपल आता मालाच्या मधोमध असतो. त्यामुळे एका खेपेत माल कमी बसतो, म्हणून भावही थोडा वाढवावा लागला. परचेसने तो कुरकुरत मान्य केला.

इतक्या कडक बोल्टला इलेक्ट्रोप्लेटिंग मुळात नकोच, असं माझं म्हणणं आहे. झिंक फ्लेकचा लेप द्यावा. शॉट ब्लास्टिंगने साफ करायचं, द्रावणात बुडवायचं, भाजायचं. ॲसिड नाही, वीज नाही. महाग पडतो, पण चालेल. डिझाइनवाल्यांची हरकत वेगळी आहे. लेप बदलला की घर्षण बदलतं, मग त्याच टॉर्कला बोल्टमध्ये ताण वेगळा येतो, म्हणजे टॉर्क नव्याने ठरवणं आलं. हरकत रास्त आहे. चाचण्या सुरू आहेत आणि ड्रॉइंगवर अजून झिंक प्लेटिंगच आहे, त्यामुळे बुधवारचा नियम तूर्त कायम.