देऊळ आणि त्याची जागा

वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील प्रासादलक्षणांचे प्रकरण वाचताना त्यातला क्रम मला नेहमीच लक्षणीय वाटत आला आहे. देवळाची उंची रुंदीच्या दुप्पट असावी, गर्भगृह रुंदीच्या निम्मे असावे, ही मापे तिथे आहेत. मेरू, मंदर, कैलास अशा नावांचे प्रासादांचे वीस प्रकारही आहेत. पण या सगळ्याच्या आधी येतो तो जागेचा विचार. जिथे पाणी आहे, उद्याने आहेत, नद्या, डोंगर आणि झरे जवळ आहेत, तिथे देव रमतात, असे सहाव्या शतकातला हा ग्रंथकार सांगतो. पाण्याची आणि झाडांची ही जागा निसर्गाने दिलेली असो वा माणसाने घडवलेली, दोन्ही त्याला मान्य आहेत. म्हणजे आधी जागा आणि मग वास्तू. आपण मात्र मंदिरस्थापत्य शिकतो आणि शिकवतो ते बहुधा उलट्या क्रमाने: पीठ, मंडोवर, शिखर, नागर, द्राविड, भूमिज. जागा उरते ती ‘कसे जाल’ या सदरापुरती.

अर्थात यात एक पेच आहे. देऊळ जिथे उभे असते तिथे ते एका दुसऱ्याच स्थळाचे रूप घेऊन उभे असते. प्रासादाला मेरू वा कैलास म्हणायचे ते याच अर्थाने. वेरूळचे कैलास लेणे हे याचे टोकाचे उदाहरण. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात वरून खाली खोदत नेलेले हे देऊळ डोंगरापासून वेगळे काढताच येत नाही, कारण ते म्हणजे तो डोंगरच आहे. तरीही त्याचे नाव दूरच्या हिमालयातले. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाला कैलास म्हणणे हे रूपक खरे, पण ज्यावर ते रचले आहे तो पाषाण इथलाच आहे.

पट्टदकलला मलप्रभा उत्तरवाहिनी होते. नदीच्या त्या वळणाशेजारी द्राविड शिखराचे विरूपाक्ष आणि नागर शिखराचे पापनाथ ही देवळे एकाच परिसरात आहेत. शैली दोन, पण नदी एक आणि वालुकाश्मही त्याच भागातला. खिद्रापूरच्या कोपेश्वराला कृष्णेने तीन बाजूंनी वेढले आहे. तिथल्या स्वर्गमंडपाला मध्यभागी छत नाही. आतल्या वर्तुळातल्या बारा खांबांच्या वर आकाशाचा गोल तुकडा सोडलेला आहे. अमुक जागेवरच्या ऊन-पावसाला वास्तूत घेण्याची ही योजना आहे. ज्या शिरोळ तालुक्यात हे देऊळ येते, त्याला २००५, २०१९ आणि २०२१ साली पुराने वेढले होते. नदीकाठ निवडणाऱ्यांना नदीचा हा स्वभाव ठाऊक नव्हता असे मानण्याचे कारण नाही. नदीचे सान्निध्य हवे म्हटले की तिचा कोपही पदरात घ्यावा लागतो.

वास्तू आणि जागा यांची ताटातूट झाली तर काय होते, हा प्रश्न आपल्याकडे केवळ तात्त्विक राहिलेला नाही. कुडवेल्लीचे संगमेश्वर मंदिर कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या संगमावर होते. बदामी चालुक्यांच्या काळातले हे देऊळ श्रीशैलम धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून उतरवले गेले आणि अलंपूरला पुन्हा उभारण्यात आले. ते पाहताना मला प्रथम जाणवली ती कृतज्ञता. दगड वाचले, मूर्ती वाचल्या, रेखानागर शिखर वाचले. पण नाव अजूनही संगमेश्वरच, आणि समोर संगम नाही. विशेषनाम असलेला शब्द तिथे केवळ आठवण झाला आहे. माझ्या सोबतच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, सगळे दगड इथे आहेत, मग हरवले काय?” प्रश्न रास्त होता.

त्याचे उत्तर मला उजनीच्या जलाशयाशी सापडते. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाने भीमेकाठचे पळसदेव गाव पाण्याखाली गेले. गाव नव्या जागी वसले, पूजाही नव्या देवळात सुरू झाली. पळसनाथाचे जुने देऊळ मात्र जिथे होते तिथेच राहिले. दुष्काळी वर्षांत पाणी ओसरले की ते उघडे पडते आणि पाहणाऱ्यांची रीघ लागते. कुडवेल्लीहून वास्तू गेली आणि जागा बुडाली. पळसदेवला वास्तू जागेवर राहिली आणि माणसे गेली. दोन्हीकडे दगड शाबूत आहेत. पण नदीला उतरणारी वाट, काठावरचे गाव, रोजचा येणाजाणारा ही सगळी वीण दगडांवर क्रमांक टाकून हलवता येत नाही. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मी आज तरी असेच देईन.

इथे वराहमिहिराचे ते विधान वेगळ्या तऱ्हेने आठवते. माणसाने निर्माण केलेले पाणीही त्याला देवांच्या सान्निध्यासाठी चालते. देवळासाठी तळे बांधणाऱ्या परंपरेत हे वचन शोभून दिसते. धरण हेही माणसानेच निर्माण केलेले पाणी. त्या पाण्यावर आज शेती आणि शहरे जगतात, हे विसरून हळहळण्यात प्रामाणिकपणा नाही. पण जे पाणी देवळाला आधार म्हणून सांगितले गेले, तेच त्याच्या विस्थापनाचे कारण ठरले, हे नोंदवल्याशिवाय त्या लाभाचा हिशेब पुरा होत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटू नये. संहिता स्वायत्त मानून तिची घडण न्याहाळण्याची शिस्त आपण शिकलो आणि तिचे मोल आजही आहे. अलंपूरला हलवलेल्या संगमेश्वराचे शिल्प त्या शिस्तीने उत्तम वाचता येते. मात्र ‘संगमेश्वर’ हा शब्द त्या शिस्तीने उलगडत नाही. त्यासाठी दोन नद्यांपर्यंत जावे लागते, त्यांचा जुना काठ आता पाण्याखाली असला तरीही. म्हणून वर्गात एखाद्या देवळाचा आराखडा दाखवताना मी त्याच्याशेजारी त्या परिसराचा नकाशा लावतो, आणि संगमेश्वराच्या बाबतीत दोन: एक आजचा आणि एक धरणापूर्वीचा.