अर्ध्या दिवसाचा रोज

बलिप्रतिपदेच्या पहाटे आमच्या शेजारच्या काकू हातात तबक घेऊन घरभर फिरत आणि “इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो” असे मोठ्याने म्हणत. नगर जिल्ह्यातल्या आमच्या त्या लहानशा गावात दोन्ही घरांची भिंत एकच. त्यामुळे काकूंचा बळी आमच्या घरातही ऐकू येई. आमच्याकडे रोज सांजवेळी प्रार्थना होई आणि तीत देवाचे राज्य यावे अशी मागणी असे. काकू माळकरी, आम्ही ख्रिस्ती. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. दोन्ही राज्ये एकदमच आली तर गावात लढाई जुंपेल आणि काकूंच्या करंज्या बंद होतील, अशी मला खरोखरच धास्ती वाटे.

एकदा धीर करून आजीला विचारले. ती चुलीपुढे बसली होती.

“राजा दोन्हींकडचा गरिबाचाच ना? मग भांडतील कशाला?” असे म्हणून तिने मला अंगण झाडायला पिटाळले.

आजीला अक्षरओळख नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’त येशूला बळीच्याच पंक्तीला बसवले आहे, हे मला फार पुढे वाचनात आढळले. तेव्हा आजीची आठवण होऊन मी एकटाच हसलो.

राज्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तट आणि बुरूज उभे राहतात. येशू गालीलात हिंडत होता तेव्हा तिथल्या लोकांच्या डोक्यावर रोमचा कैसर होता आणि त्याच्या हाताखाली हेरोद अंतिपा होता. कर देता देता माणसे वाकली होती. हा तिसरा आला, आता काहीतरी घडणार, असे त्यांना वाटले असेल तर नवल नाही. पण राज्य कसे आहे हे सांगायची वेळ आली की हा मोहरीच्या दाण्याची गोष्ट सांगे, नाहीतर पिठात मिसळलेल्या खमिराची! आमचे पाळकसाहेब म्हणत, मूळ ग्रीक शब्दात मुलखापेक्षा अंमल हा अर्थ अधिक आहे. मी मॅट्रिकच्या पुढे गेलेलो नाही, ग्रीक कुठून येणार? पण ‘अंमल’ हा शब्द मला पटला. मुलूख नकाशावर दाखवता येतो. अंमल कुणाचा चालतो ते मात्र माणसाच्या देण्याघेण्यात दिसते. माझ्या देण्याघेण्यात ते कसे दिसले, तेच सांगायचे आहे.

गेल्या चैत्रात आमच्या वाट्याच्या रानात कांद्याची काटणी चालली होती. सहा बायका रोजाने लावल्या होत्या, तीनशे रुपये रोज. पैकी एक मावशी दुपारच्या जेवणानंतर उगवल्या. नातवाला ताप होता, दवाखान्यात रांग होती. संध्याकाळी मी पाचजणींना तीनशे मोजले आणि मावशींच्या हातावर दीडशे ठेवले. त्यांनी काही न बोलता ते पदराला बांधले. हिशेब चोख होता. शाळेत त्रैराशिक शिकवणारा मी, माझा हिशेब कसा चुकेल?

रात्री प्रार्थनेला बसलो आणि नेमकी द्राक्षमळ्याची गोष्ट आठवली. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात ती आहे. मळ्याचा धनी पहाटेपासून मजूर लावत जातो. दिवस मावळायला तासभर उरला असतानाही नाक्यावर उभे असलेल्यांना तो कामाला घेतो, आणि शेवटी सगळ्यांना सारखाच रोज देतो. एका घराला एका दिवशी जेवढे लागते, तेवढा. मजूर उशिरा आला म्हणून त्याच्या घरची भूक काही निम्मी होत नाही.

ही गोष्ट मी रविवारच्या शाळेत मुलांना कितीदा सांगितली आहे! रेव्हरंड टिळकांवर तर भाषणेच केली आहेत. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना त्यात सारखीच जागा. १९१९ साली ते गेले. दरबाराला दोन वर्षेही नीट लाभली नाहीत. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगायला नको. त्या दरबाराविषयी बोलताना माझा आवाज चढतो. आणि इथे मी दीडशे रुपयांपाशी अडून बसलो होतो.

“झोपत का नाही?” बायकोने विचारले. मी सांगितले. “मग देऊन या की. रात्रभर दिवा कशाला जाळता?” ती म्हणाली.

सकाळी मावशींच्या घरी गेलो. नातू दारातच निजला होता. मी पैसे पुढे केले.

“आजच्या कामात धरून घ्या,” त्या म्हणाल्या.

“धरायचे नाहीत, मावशी. कालचेच आहेत.”

“का बरं?” त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिले. मला उत्तर सुचले नाही.

रानात बातमी माझ्याआधीच पोचली होती. “गुरुजी, आम्ही सकाळधरनं उन्हात होतो की,” एकजण म्हणाली. बाकीच्या विळे आपटीत गप्प बसल्या. त्यांचे काही चुकले नव्हते. द्राक्षमळ्यातल्या कुरकुरणाऱ्या मजुरांचेही फारसे चुकले नव्हते, असे माझे जुने मत आहे. पण त्या धन्याजवळ देण्याची ऐट होती, माझ्याजवळ नव्हती. मी मान खाली घालून पोती मोजू लागलो.

संध्याकाळी सगळ्याजणी गेल्या. मावशी मात्र उठेनात. दोन वाफ्यांचा कांदा पुढ्यात ओढून त्या काटतच होत्या.

“मावशी, अंधार पडला. घरी जा, पोर आजारी आहे.”

“सून हाय त्याच्यापाशी. मला फुकटचं नको, गुरुजी.”

यावर काय बोलायचे ते कोणत्याच भाषणात मी म्हटलेले नव्हते. बॅटरी बांधावर ठेवली, एक विळा उचलला आणि त्यांच्यासमोर बसलो. त्यांच्या चार कांद्यांना माझा एक होत होता. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या ढिगातला एक कांदा उचलून उजेडात धरला.

“मान एवढी आखूड कापू नका,” त्या म्हणाल्या. “चाळीत सडंल.”