आधी सोड, मग ये



1 एप्रिल 2015 ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली, तेव्हा आम्ही घरात प्रार्थना करून प्रभूचे आभार मानले होते. शेजारच्या गडचिरोलीत ती 1993 पासूनच होती. वाटले, आता धाकट्या भावाची सुटेल. पण आठवडाभरात तो वर्धा नदी ओलांडून वणीला जाऊ लागला. पलीकडे यवतमाळ जिल्हा, तिथे दुकाने उघडी!

एका रात्री त्याने दार वाजवले. मी आतूनच म्हणालो, "आधी सोड, मग घरात ये." आमच्या हिने मुकाट्याने कडी काढली, त्याला ताट वाढले. मला भयंकर राग आला. मी पडलो मास्तर माणूस. त्याने शपथ मोडली की कॅलेंडरवर लाल फुली मारायचो आणि त्या फुल्या त्याला मोजूनही दाखवायचो.

पुढे तो अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकांना जाऊ लागला. 1935 साली अमेरिकेत दोन व्यसनी माणसांनी ही चळवळ सुरू केली. तिची मुळे एका ख्रिस्ती गटात आहेत, पण ज्याला देव जसा उमजेल तसा त्याने मानावा. पहिली पायरी सगळ्यांना सारखीच, दारूपुढे आपले काही चालत नाही हे कबूल करायचे. एका खुल्या सभेला तो मला घेऊन गेला. उभा राहून तेच बोलला. तिथे कुणी फुली मारली नाही...

उधळ्या पुत्राचा दाखला (लूक, अध्याय 15) मी संडे स्कूलमध्ये किती वर्षे शिकवला! मुलगा दूर असतानाच बाप धावत सुटतो. शेवटी थोरला भाऊ रुसून घराबाहेर थांबतो, तो भाग मात्र मी घाईने उरकायचो. त्या सभेत कळले, तो थोरला मीच. सुधारल्यावर मिळते ते बक्षीस. कृपा त्याआधीच येते, हिने वाढलेल्या ताटासारखी.

2021 मध्ये आमच्या जिल्ह्यातली दारूबंदी उठली. त्यानंतर भाऊ दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा आपल्या पायांनी बैठकीला परत गेला. दारूबंदी हवी असेच मला आजही वाटते. पण रात्री कडी काढायचे काम कायद्याचे नाही, ते घरच्यांचेच.

हल्ली कडी मीच काढतो. माझा राग हेही एक व्यसनच होते. तो मी रोज फक्त त्या दिवसापुरता सोडतो. कधी जमते, कधी नाही.

असो.