आमच्या वतीने नको, आम्हालाच विचारा



मानसिक आजाराबद्दल आपल्याकडे आजारी माणूस सोडून सगळे बोलतात. डॉक्टर विचारतात, "झोप कशी लागते?" आणि उत्तर नवरा देतो नाहीतर सासूबाई! मी स्वतः ऑकलंडमध्ये बरीच वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या घेतेय, म्हणून आज माझं मीच लिहिते.

न्यूझीलंडचं मला एक आवडतं. आजारातून गेलेल्यांना इथे उपचारांच्या व्यवस्थेत जागा मिळते. मेरी ओ'हेगन या बाई तरुणपणी स्वतः मनोरुग्णालयात राहिलेल्या. पुढे २००० ते २००७ त्या देशाच्या मेंटल हेल्थ कमिशनवर कमिशनर होत्या. आपली डायरी आणि डॉक्टर-नर्सच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवून त्यांनी दाखवलं, की एकाच दिवसाच्या दोन हकिगती किती वेगळ्या असतात.

याचा फायदा काय? माझंच सांगते. गोळ्यांनी सकाळी डोकं इतकं जड व्हायचं की मी त्या बंद करायच्या बेतात होते. हे डॉक्टरांना सांगायचा धीर होईना. माझी पीअर सपोर्ट वर्कर स्वतः ॲडमिट होऊन आलेली. तिने आपणहून विचारलं, "सकाळी उठवतं का गं?" उपदेश नाही, काही नाही. पुढच्या अपॉइंटमेंटला बरोबर आली, गप्प बसली, मला बोलू दिलं. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि उपचार चालू राहिले. फाइलमध्ये हा प्रश्न कुठेच नव्हता.

१९९६ पासून इथे पेशंटच्या दहा हक्कांची संहिता आहे. सोबतीला आपलं माणूस नेता येतं, आणि गरज व सोय असेल तिथे दुभाषीही मिळायला हवा. हे मुद्दाम सांगते, कारण भारतातून आलेल्या आईचा दुभाषी बहुतेक वेळा मुलगाच होतो. जीव नकोसा झालाय हे ती माउली त्याच्याच तोंडून कसं सांगणार?

तिकडे भारतातही २०१७ च्या कायद्याने सज्ञान माणसाला कुठले उपचार हवेत, कुठले नकोत हे आधीच लिहून ठेवता येतं. घरच्यांशी जरूर बोला.

असो. घरच्यांच्या मायेबद्दल तक्रार नाही, तिच्याशिवाय मी उभी राहिले नसते. पण कुणाला अपॉइंटमेंटला सोबत हवी असेल तर मला वेगळी मेल टाका. मी येईन, आणि गप्प बसेन.

आपली,
एक ऑकलंडकर