बिनकामाची पायपीट

लातूरकडच्या माणसाला जंगलाचा पत्ता विचारत जावं लागतं. आमच्या जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्काही भरत नाही. नजर जाईल तिथवर सोयाबीन, तूर, बांधावर एखादी बाभळ. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते याच लातूरला. त्यामुळे पाणी आणि झाडी एकाच जागी दिसली की आम्हाला आनंदाआधी संशय येतो.

तशी जागा शेजारच्याच नांदेड जिल्ह्यात आहे. नंदीग्राम एक्स्प्रेसनं किनवटला उतरायचं, पुढं एसटीनं माहूर. हिमायतनगर मागं पडलं की रान बदलत जातं, साग दिसू लागतो. माहूरला माणसं येतात ती रेणुकामातेच्या पायऱ्या चढायला, दत्तशिखराला, अनसूयेला. राखी पौर्णिमेच्या परिक्रमेला तर याच डोंगरझाडीतून पायी लोंढे निघतात. किल्ल्यात मात्र शुकशुकाट. तटाच्या आत एक तलाव आहे, आणि त्याच्या काठी दिवस काढावा असं फारसं कुणाला वाटत नाही.

सागाच्या रानात चोरपावलांनी चालता येत नाही. फेब्रुवारीत खाली पानांचा थर असतो, एकेक पान पत्रावळीएवढं. पाय पडला की पापड मोडावा तसा आवाज होतो आणि सगळ्या रानाला तुमची वर्दी जाते. एक पान उचलून उन्हात धरलं. अळीनं मधलं हिरवं सगळं खाल्लेलं, उरली नुसती शिरांची जाळी, आणि जाळीच्या भोकांतून पलीकडचं पाणी दिसत होतं. म्हणून शहाण्यानं चालणं थोडंच करावं, बसणं जास्त. बसलं की पाण्यावरची टिबुकली बुडी मारते आणि आपण खुळ्यासारखे तिथंच टक लावतो. ती वर येते भलतीकडेच. खंड्या मात्र सरळमार्गी, एका फांदीवरून पाण्यात आणि पुन्हा त्याच फांदीवर.

काठावर शेळ्या घेऊन आलेल्या मामांनी विचारलं, “काय काम काढलं इकडं?”

“काही नाही. पाखरं बघतोय.”

“पकडायची?”

“नाही, नुसती बघायची.”

त्यांनी दुर्बिणीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि शेळ्या पुढं हाकलल्या. त्यांचं काय चुकलं? आपल्याकडं रानात जायचं ते सरपणाला, मोहाला, तेंदूपानाला, नाहीतर देवाला. नुसतं हिंडणं म्हणजे रिकामटेकडेपणा. मला तर वाटतं, मराठवाड्यातल्या मध्यमवर्गाला सहलीलाही देवदर्शनाचं कारण लागतं, म्हणून माहूरला येऊनही जंगल बघायचं राहून जातं.

गडाखाली पैनगंगा वळसा घालून जाते, पल्याड विदर्भ. तिच्या काठाच्या अभयारण्यात रोही, चितळ, अस्वल, बिबट्या आहेत. यांतलं मला काहीच दिसलं नाही, आणि सागाच्या पानांवरून चालणाऱ्याला दिसणारही नाही. पण याच पट्ट्यातून २०१९मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ गेला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यानं त्याची वाट कळली. शेतं, नाले, रस्ते ओलांडत तो १३०० किलोमीटरहून अधिक हिंडला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन पोचला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘वॉकर’. हा भटक्या आपल्याच जातीचा, असं मला फार दिवस वाटत होतं. जाणकार सांगतात, तो जागा शोधत होता, आणि जोडीदारीण. म्हणजे शेळीवाल्या मामांना त्याचंही उत्तर पटलं असतं.