आजोबांची आगगाडी, आमची मेट्रो

तुमच्या घरी दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी एखादी वस्तू खाली उतरते, पुसली जाते आणि पुन्हा माळ्यावर जाते का? आमच्या जयपूरच्या घरात ती वस्तू म्हणजे आजोबांची आगगाडी. सहा फूट बाय चार फुटांची प्लायवूडची फळी, लंबगोल रूळ, एक काळं वाफेचं इंजिन आणि चार डबे. बँकेच्या बदलीवर आजोबा इथे आले आणि इथलेच झाले. काड्यापेट्यांचं स्टेशन, रंगवलेल्या भुशाचं गवत, सगळं त्यांच्याच हातचं. ते गेल्यावर गाडी थांबली ती थांबलीच.

यंदा लहान फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. तिथे एवढी फळी मावणार नव्हती. गाडी देऊन टाकायची, नाहीतर फळी कापायची, असे दोनच मार्ग होते. बाबा म्हणाले, "देऊन टाकू." पण कुणाला द्यायची, हे महिनाभर ठरेना. मग मीच म्हटलं, कापू या.

हौसेच्या गाड्या पिढ्यान् पिढ्या टिकतात, पण आपोआप नाही. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंद्यांची चांदीची गाडी जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांसमोरून फिरायची. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी छोट्या रेल्वेचं संग्रहालय उभारलं. १९९८ पासून लोक ते बघायला जातात. आमच्याकडे ना राजवाडा, ना संग्रहालय. रविवार मात्र होते.

तुमच्याकडेही अशी गाडी असेल तर आधी वीज तपासा. आमच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरचं रबर हात लावताच सुटून आलं. २३० व्होल्टशी खेळ नको, म्हणून तो कायमचा बंद केला आणि १२ व्होल्टचा नवा अडॅप्टर व वेगाचा कंट्रोलर घेतला. रुळांना सँडपेपर लावू नका. चरे पडतात आणि त्यांत पुन्हा मळ साचतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं सुती फडकं पुरतं. जयपूरच्या आंधीची धूळ दोन रविवारांत निघाली. इंजिनातलं जुनं तेल गोंदासारखं झालं होतं. ते पुसून दातेरी चाकांवर पातळ तेलाचा एकच थेंब सोडला.

फळी बाबांनी स्वतः कापली. जिथे रूळ दुभागणार होते, तिथे दोन्ही बाजूंना पितळी स्क्रू बसवून रूळ त्यांच्यावर सोल्डर केले आणि मगच करवत चालवली, म्हणजे टोकं हलत नाहीत. आता दोन्ही भाग बिजागरीवर मिटतात आणि दिवाणाखाली जातात.

खरा वाद झाला तो डिजिटल करण्यावरून. इंजिनात डिकोडर बसवला की एकाच रुळावर दोन गाड्या वेगवेगळ्या वेगाने चालवता येतात. मला ते हवं होतं. पण आमच्या जुन्या मोटरचा एक ब्रश थेट इंजिनाच्या सांगाड्याला जोडलेला आहे. तो वेगळा करायचा तर आतली मूळ जोडणी मोडावी लागणार. बाबा म्हणाले, "फळी कापली. इंजिन नको." मला पटलं. काळं इंजिन बाहेरच्या रुळावर जुन्याच पद्धतीने धावतं. आतल्या बाजूला पुठ्ठ्याच्या खांबांवर आम्ही नवा मार्ग बांधला, स्वतंत्र कंट्रोलरचा. त्यावर जयपूर मेट्रो आहे. खरी मेट्रो ३ जून २०१५ ला मानसरोवर ते चांदपोल धावू लागली. आजोबांना ती बघायला मिळाली नाही.

फळीच्या खालच्या बाजूला आजोबांनी प्रत्येक वायरशेजारी पेन्सिलने आकडे घातले होते, एक ते आठ. नव्या वायरी आम्ही त्याच आकड्यांनी लावल्या. मेट्रोच्या वायरीला माझ्या सात वर्षांच्या भाच्याने नऊ आकडा दिला, जरा वाकडाच. तुमच्या घरातलं माणूस अजून सांगायला असेल, तर कुठली वायर कुठे जाते ते आजच विचारून लिहून ठेवा.