रमी नव्हे, राजी

गुरुवारी राज्यसभेतही ऑनलाइन गेमिंगचं विधेयक मंजूर झालं आणि संध्याकाळपर्यंत आमच्या बाजारपेठेतल्या टपरीवर निकाल लागलासुद्धा: "बरं झालं, गेम बंद झाले." बंदी पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, सगळ्या गेमवर नाही, हे दोनदा सांगून पाहिलं. ऐकतो कोण! गेल्या महिन्यात विधिमंडळातल्या त्या रमीच्या व्हिडिओवरून गदारोळ झाल्यापासून आपल्याकडे गेम म्हणजे रमी हे पक्कं झालंय. एक काका तर मलाच म्हणाले, "तुम्ही पत्रकारांनी आधीच लिहायला हवं होतं."

गेमवर मी आजवर एकच बातमी लिहिली आहे, आणि ती गेम न खेळता लिहिली आहे. त्या गेमला या सोमवारी पाच वर्षं झाली. म्हणून ही जरा लांबलेली पोस्ट. वेळ असेल तर वाचा.

ऑगस्ट २०२०. लॉकडाऊन, बाहेर फिरायची सोय नाही, पानं मात्र रोजच्यासारखीच भरायची. पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या स्टुडिओचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम १८ तारखेला निन्टेन्डो स्विचवर आला. स्विच नावाचं यंत्र मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. व्हॉट्सॲपवर फिरत आलेला मजकूर घेतला, दीडशे शब्द केले आणि मथळा ठोकला, 'पुण्याच्या तरुणांची जागतिक भरारी'. ('भरारी' हा शब्द आमच्या धंद्यात मिठासारखा वापरतात. भरारी म्हणजे नेमकं काय झालं, हे कुणी विचारत नाही.) बातमी लागली, मी विसरलो.

मग तीन वर्षांनी मे महिन्याच्या सुट्टीत ताईचा मुलगा पुण्याहून आला. त्याच्या लॅपटॉपवर हा गेम होता, सेलमध्ये स्वस्तात घेतलेला. मी कौतुकाने म्हटलं, अरे, यावर मी बातमी केली होती! तो म्हणाला, "मामा, ठीक आहे. पण फाइट एकदम जड आहे, पाच तासांत संपतो आणि शेवट गंडलाय."

सोळा वर्षांच्या पोराचं हे मत मी हसण्यावारी नेलं. नंतर इंग्रजीतली परीक्षणं चाळली, तर तिथल्या जाणत्या लोकांचंही थोड्याफार फरकाने तेच म्हणणं: दिसायला सुंदर, लढाई अडखळती, लांबी कमी, शेवट तुटलेला. आपल्याकडचे प्रेक्षक दोन टोकांना. एक टोक 'भारतीय आहे ना, मग भारीच' म्हणणारं, तिथेच माझी भरारी. दुसरं टोक 'गॉड ऑफ वॉर'शेजारी ठेवून नाक मुरडणारं. म्हणून ठरवलं, आता खेळूनच बघू.

चार रात्री लागल्या. भाच्याला पाच तास पुरले, मला नऊ लागले असतील. माझी बोटं कीबोर्डवर बातम्या बडवायला शिकलेली, उड्या मारायला नाही. कड्यावरून इतक्या वेळा पडलो की भाचा झोपायला निघून गेला.

गोष्ट साधी आहे. राजी आणि गोलू ही बहीणभावंडं, सर्कशीत कसरती करणारी. रक्षाबंधनाच्या दिवशी असुरांचा हल्ला होतो आणि महाबलासुराची फौज गोलूला पळवून नेते. दुर्गा राजीच्या हाती त्रिशूळ देते आणि ती भावाला शोधायला निघते. राजी काय करते, यावर दुर्गा आणि विष्णू वरून बोलत असतात. ही एवढीशी माणसाची पोर काय करणार, अशी विष्णूला शंका. दुर्गेचा मात्र तिच्यावर भरवसा. घरातली दोन वडीलधारी माणसं पोरीच्या शिक्षणावरून बोलतात ना, तसंच वाटतं ते.

यात मला जे दिसलं, ते त्या परीक्षणांत फारसं सापडलं नाही. राखीच्या दिवशी भाऊ बहिणीचं रक्षण करतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे बहीण निघाली आहे. आमच्या घरात राखी बांधून घ्यायचो मी आणि फी भरायची ताई. बाबा गेले तेव्हा मी बारावीला होतो. ताई पुण्यात एका दुकानात हिशेब लिहायची, त्या पगारातून तिने माझा पत्रकारितेचा डिप्लोमा पुरा केला. मी ओवाळणी घालायचो ती पण तिच्याच पैशातली. ही गोष्ट मी कधी कुठे लिहिली नाही, लिहायचं सुचलंही नाही. रात्री दोन वाजता त्या लॅपटॉपसमोर एक पोरगी "गोलू, गोलू" करत अंधाऱ्या किल्ल्यातून चालली होती आणि माझे डोळे भरून आले. आता याला 'कथा ढोबळ' म्हणायचं तर म्हणा.

आता आरोपांबद्दल. लढाई जड आहे, हे अर्धं खरं. एका जागी उभं राहून बटणं बडवली तर राजी खरंच अवघडल्यासारखी हलते, आणि शत्रूंचा घोळका झाला की कुणाचा वार कुठून आला ते कळत नाही. पण ती सैनिक नाही, डोंबाऱ्याच्या खेळातली वाटावी अशी कसरतपटू आहे. भिंतीवर धावत जा आणि उलटी उडी मारून वार कर, खांबाला धरून गरकन फीर आणि चौघांना लोळव, असा तिचा हिशेब. जागेचा वापर केला की तीच लढाई लयीत येते. आमच्याकडे दशावतारात राजा आणि राक्षस तलवारी घेऊन फेर धरतात, मृदंग वाजत असतो. कुणी म्हणत नाही की तलवार लागलीच नाही. युद्ध नाचून दाखवायची आपली जुनी रीत आहे. बनवणाऱ्यांनी दशावतार पाहिला होता का, कल्पना नाही. मला खेळताना तो आठवला एवढंच.

दुसरा मुद्दा छायाबाहुल्यांचा. मध्ये मध्ये कथा सांगायला पडद्यावर सावल्यांच्या बाहुल्या येतात, हातपाय सांध्यात हलणाऱ्या. पैसे कमी म्हणून केलेली काटकसर, असं कुणी म्हणेलही. असेल काटकसर. पण कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. २०२१ मध्ये तिथल्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्ही सगळे पत्रकार धावलो होतो. त्याआधी किती जणांनी तो खेळ पुरा बसून पाहिला होता? मी नव्हता पाहिला. भाच्याला दुसऱ्या दिवशी स्कूटरवर घालून पिंगुळीला नेलं. बाहुली उजेडासमोर धरली तेव्हा तो हळूच म्हणाला, "अच्छा, हे असं असतं होय."

गेममधल्या भिंतींवर देवांच्या कथांची चित्रं आहेत. राजी त्यांच्यासमोर थांबते आणि तिला आठवतं तेवढं सांगते. पंडिताच्या थाटात नाही, कानावर पडलेलं पोर जसं सांगेल तसं. वास्तू राजस्थानी वळणाची, मधूनच बालीची आठवण देणारी. संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक माणसाचं. 'अस्सल भारतीय' म्हणून पाठ थोपटणाऱ्यांना हे सांगितलं की जरा गप्प होतात.

लांबीबद्दल मात्र मला चीड आहे. पाच तास कमी कसे? आपण अडीच तासांच्या नाटकाला 'लहान होतं' म्हणून पैसे परत मागतो का? शंभर तासांच्या गेममध्ये साठ तास माणूस घोड्यावर बसून इकडून तिकडे जात असतो, असं भाचाच सांगतो.

लहान टीम आहे म्हणून सांभाळून घ्या, असं मी म्हणत नाही. पण परिस्थिती माहीत असावी. २०१७ मध्ये या लोकांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली होती. तिथला नियम असा की ठरलेली रक्कम जमली नाही तर एक पैसाही हाती लागत नाही. ती जमली नाही. त्यानंतर तीन वर्षांनी गेम बाहेर आला, आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी नामांकन मिळालं. 'गॉड ऑफ वॉर'मागे सोनी उभी आहे आणि शेकडो माणसं. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲनिमेशन-गेमिंगसाठी कृतिदल जाहीर झालं, तेव्हा आम्ही पुन्हा एकदा भरारी छापली. त्याच वर्षी मे महिन्यात या स्टुडिओने 'राजी'ची सुधारित आवृत्ती आणली. त्यात लढाई सुधारली, हिंदी आवाज घातले, आणि ज्यांच्याकडे गेम होता त्यांना ती फुकट दिली. टीकाकारांचं ऐकून काम दुरुस्त केलं, ही खरी बातमी होती. ती आमच्याकडे कुणीच केली नाही, मीही नाही.

शेवटाबद्दल भाचा बरोबर आहे. शेवट गंडलाय. नाटकाचा तिसरा अंक सुरू होता होता पडदा पडावा तसं होतं. तिथे माझ्याकडे बचाव नाही.

परवा गणपती. ताई आणि भाचा आज रात्रीच्या गाडीने निघतायत. भाचा आता इंजिनिअरिंगला आहे, लॅपटॉप घेऊन ये म्हणून सांगितलंय. ताईने आयुष्यात गेम खेळलेला नाही. तिला पहिला अर्धा तास तरी दाखवायचा आहे, राखीपासून त्रिशूळ हातात येईपर्यंतचा. ती बहुतेक म्हणेल, "मोदकाचं सारण करायचंय, नंतर बघू."